बिनसरच्या गावांतून पाच दिवस पायी – आई (वय ६७), अकरा वर्षांची लेक आणि आम्ही दोघं

डोंगरझरा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज शेवटी बसलेय. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघं उत्तराखंडातल्या कुमाऊंमधल्या बिनसर अभयारण्यातल्या गावांतून पाच दिवस चालत फिरून आलो. आईचं वय ६७, डावा गुडघा कुरकुरतो, आणि लेक पाचवीत. हिमालय म्हटलं की आपल्याकडे लगेच बर्फ, टेंट, ऑक्सिजन असलं काहीतरी डोळ्यापुढे येतं आणि मग घरातली साठीच्या पुढची माणसं 'तुम्ही या जाऊन, आम्ही घर बघतो' म्हणून मोकळी होतात. आईपण तेच म्हणाली होती. हा धागा मी तिच्यासारख्यांसाठी काढतेय.

आधी उंचीचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. अल्मोडा साधारण १६४० मीटरवर आहे, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखरावर (१६४६ मीटर) जेवढे उंच असतो जवळजवळ तेवढ्याच उंचीवर तिथे अख्खा बाजार भरलेला असतो, शाळा सुटत असतात. बिनसरमधली सगळ्यात उंच जागा, तिला झिरो पॉइंट म्हणतात, ती २४०० च्या जरा वर. गावं त्याच्या बरीच खाली. विरळ हवेचा त्रास सहसा २५०० च्या पुढे सुरू होतो त्यामुळे इथे ती धास्ती जवळपास नाहीच, चढ-उतार मात्र आहेत आणि ते पायांना कळतात.

जायचं कसं: पुणे ते दिल्ली, दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस, पहाटे काठगोदाम. काठगोदामला रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो, स्टेशनच्या बाहेर आलात की समोर भिंतच. तिथून जीपने भवाली, कैंची, गरमपानी, खैरना असं करत अल्मोडा, ८०-८५ किमी. कैंची धामला गर्दी असेल तर तासभर आरामात जातो, त्यामुळे काठगोदामला चहा ढोसत बसू नका, लगेच निघा. घाट लागत असेल तर गोळी आधीच घ्या. अल्मोड्याला एक रात्र काढलीत तर बाजारात दगडी फरशीवरून चक्कर मारा, बालमिठाई घ्या, आणि टम्टा लोकांची तांब्याची भांडी बघा, आपल्या तांबट आळीची आठवण येते.

अभयारण्याच्या हद्दीत आणि लगत दलार, गोनाप, रिसाल, सतरी, काठधारा अशी लहान लहान गावं आहेत, एकेका गावात मोजकी घरं. आम्ही त्यातल्या तीन गावांत राहिलो. रोज तीन ते पाच तास चाल, त्यातही थांबणं धरून. सामान गावातली माणसं पुढे नेतात, आपल्या पाठीवर पाणी, स्वेटर, सुका खाऊ एवढंच. गाइड तिथल्याच गावचा होता, तिशी-पस्तिशीचा. तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, तर लेक पहिल्या दिवसापासून त्याला दाज्यू म्हणायला लागली आणि तो तिला भुली. दाज्यूने पहिल्या अर्ध्या तासात एकच केलं, आईला सगळ्यात पुढे घातलं. म्हणाला माताजी ज्या चालीने चालतील ती आपली चाल. मी आजवर केलेल्या कुठल्याच ट्रेकमध्ये असं बघितलं नाही, नेहमी सगळ्यात हळू चालणारा मागे राहतो, धापा टाकत पोचतो तेव्हा पुढचे उठून निघतात. पाच दिवस आई पुढे आणि आम्ही तिच्या मागे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण आईवडलांना नेणार असाल तर एवढं कराच.

जंगल दोन प्रकारचं. खाली चीड म्हणजे पाइन, वर बांज म्हणजे ओक, मधे मधे बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन आणि देवदार. चीडच्या जंगलात उन्हाचा चटका आणि खाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा थर, त्याला पिरूल म्हणतात. बांजच्या जंगलात शिरलं की एकदम गार, जमीन ओली, फांद्यांवर शेवाळ. दाज्यू म्हणाला पाणी बांजच्या मुळाशी राहतं, चीड वाढला तिथले झरे आटले. मग त्याने एक नौला दाखवला, दगडात बांधलेलं छोटं देवळासारखं पाण्याचं घर, तीन पायऱ्या उतरून आत वाकायचं. आईने चप्पल काढली, कोणी सांगितलं नव्हतं. दाज्यूनेपण काढलेली होती.

पडले कोण तर मी. तिसऱ्या दिवशी उतारावर पिरूलवरून पाय असा सटकला की बसले ती चार-पाच फूट घसरतच गेले, तळहात सोलला आणि घोटा दुखावला. सिमेंटच्या ओल्या फरशीवर तांदूळ सांडल्यावर जसं होतं तसं असतं ते. त्यानंतर दाज्यू प्रत्येक तीव्र उतारावर तेवढ्यापुरता आईच्या पुढे होऊन बुटाने पिरूल बाजूला सारून खालची माती उघडी करत गेला, पावलापुरती, आणि आईने बरोब्बर त्या जागी पाय ठेवायचा. काठी प्रत्येकाकडे हवीच, बूट खाचावाले हवेत, जुने झिजलेले स्पोर्ट शूज घालून जाऊ नका.

राहण्याची घरं जुन्या पद्धतीची, दगडी भिंती, वर पाथर म्हणजे सपाट दगडांचं छप्पर, दारं इतकी बुटकी की नवऱ्याचं डोकं रोज एकदा तरी आपटलं. खालच्या मजल्याला, जिथे गुरं बांधतात, त्याला गोठ म्हणतात आणि आईचा चेहरा असा फुलला! एका गावात शेजारच्या आमा (आजीला आमा म्हणतात) भांगेचे बी आणि मीठ-मिरची पाट्यावर वाटत होत्या. आई दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि मग सरळ शेजारी बसून वरवंटा हातात घेतला. आमांना हिंदी बेताची, आईला कुमाऊंनी शून्य. पण वाटता वाटता आमांनी आईच्या मनगटाला हात लावून 'असं नाही, असं' दाखवलं, वरवंटा मागे ओढताना किंचित तिरका करायचा, म्हणजे सालं बाजूला पडतात. आई घरी आल्यावर शेंगदाण्याची चटणी तशीच वाटतेय.

झिरो पॉइंटवरून त्रिशूळ (७१२०), नंदादेवी (७८१६), पंचाचूली, पलीकडे चौखंबा, सगळी रांग दिसली. पहाटे अंधारात निघालो नाही, दाज्यूने ठाम नकार दिला, गुलदार म्हणजे बिबट्याचा वावर आहे. उजाडल्यावर गेलो, पुरेसं होतं.

विचारा काय विचारायचं ते.

सह्यभटक्या

मस्त लिहिलंय. एक प्रश्न, मी वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, गाइड घेतला असेल फार तर दोन-तीनदा. एवढा सोपा रूट आहे, गावं जवळ जवळ आहेत, तर नकाशा डाउनलोड करून स्वतःचं स्वतः जमेल ना? उगाच खर्च का.

डोंगरझरा

@सह्यभटक्या, तुम्हाला वाट सापडेलही. पण तिथे गवत कापायला बायका जातात त्याच्या वाटा, गुरांच्या वाटा, आणि गावाची वाट, तिन्ही दिसायला सारख्याच आणि जंगलात नेटवर्क येतं जातं. गवताची वाट मस्त रुंद असते आणि एका उतारावर जाऊन संपते. अभयारण्य आहे त्यामुळे गेटवर नोंद, फी, ओळखपत्र हे सगळं आहे. आणि मुख्य म्हणजे मला तो खर्च 'उगाच' वाटत नाही, त्याच्यावर खाली कोणीतरी लिहा, मला नीट मांडता येणार नाही.

दिल्लीकर_मराठी

मी लिहितो, कारण अल्मोडा-बागेश्वर भागात माझं पंधरा वर्षं येणंजाणं आहे.

सह्याद्रीत आपण घरच्या अंगणात फिरतो, तसं तिकडे नाही. सह्यभटक्या, एक गोष्ट सांगतो, जरा लांबेल. इंग्रजांच्या काळात कुमाऊंमध्ये कुली बेगार नावाची पद्धत होती. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला की वाटेतल्या गावांनी फुकट ओझं वाहायचं, गावागावात त्याची रजिस्टरं ठेवलेली, कोणाची पाळी कधी ते लिहिलेलं. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेला बागेश्वरला हजारो माणसं जमली, बद्रीदत्त पांडे पुढे होते, आणि लोकांनी ती रजिस्टरं शरयूच्या पात्रात फेकून दिली. ती पद्धत त्यानंतर मोडली. बागेश्वर बिनसरच्या पलीकडच्याच खोऱ्यांत आहे. तुमची सॅक घेऊन जो माणूस पुढे जाईल त्याच्या पणजोबाचं नाव त्या रजिस्टरात असू शकतं. म्हणून तिथे गाइड आणि पोर्टर घेणं, ठरलेला पूर्ण मोबदला देणं, वजनाची मर्यादा पाळणं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी कमी झाली, अख्खा देश वाढत असताना. पोरं हल्द्वानी, दिल्लीला हॉटेलात, कंपनीत जातात. ज्या गावात महिन्यातून चार ट्रेकर राहतात तिथला एखादा मुलगा गाइड म्हणून घरी थांबतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सह्यभटक्या

हे माहीत नव्हतं. पटलं, प्रश्न मागे घेतो. गाइड घेणार.

निवांत_साठी

डोंगरझरा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी ७१, मिस्टर ७४, आम्ही रोज तळजाईला तासभर चालतो. मी थेट विचारते, टॉयलेट कसे आहेत? रात्री उठावं लागतं. आणि मधेच गुडघ्याने मान टाकली तर?

डोंगरझरा

@निवांत_साठी काकू, बरं झालं विचारलंत. आम्ही राहिलो तिथे तिन्ही ठिकाणी कमोड होता, पण एका ठिकाणी खोलीच्या बाहेर, अंगण ओलांडून. टॉर्च उशाशी ठेवा आणि बुकिंग करतानाच आतला संडास असलेली खोली मागा. गरम पाणी बादलीत मिळतं, लाकडावर तापवलेलं. रात्री थंडी खूप पडते, ऑक्टोबर अखेरीस आम्ही दोन दोन रजया घेतल्या, आईने कानटोपी काढलीच नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर चढताना काही होत नाही, उतरताना होतं. आईने महिनाभर आधी बिल्डिंगचे जिने उतरायची प्रॅक्टिस केली, लिफ्टने वर आणि पायी खाली, चार मजले, रोज तीन वेळा. फिजिओने सांगितलेले मांडीचे व्यायाम. आणि सगळ्या दिवसांचा प्लॅन असा ठेवायचा की एखाद्या गावात दोन रात्री राहता येईल, म्हणजे एक दिवस नुसतं अंगणात ऊन खात बसायचं. तसंच, कुठल्या गावापासून गाडीरस्ता किती लांब हे आधी विचारून ठेवा. आम्ही विचारलं होतं, वेळ आली नाही पण आईला त्याचा धीर होता.

चिमणपाखरू

माझा अनुभव लिहू का, जरा कडू आहे, पण कामाला येईल. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका टूर कंपनीकडून 'हिमालयन व्हिलेज वॉक' घेतला होता, नाव लिहीत नाही. फोटो सगळे मातीच्या घरांचे. प्रत्यक्षात रस्त्यालगतच्या हॉटेलात उतरवलं, सकाळी गाडीने गावाजवळ नेऊन सोडायचे, तासभर फिरवून फोटो काढून परत. गाइड मैदानी भागातला, तो स्वतःच वाट विचारत होता. शेवटच्या दिवशी एका गावातल्या काकूंनी चहा दिला, आम्ही पैसे विचारले तर म्हणाल्या, तुमच्या कंपनीची माणसं इथे रोज येतात, नळावर पाणी पितात, आजवर कोणी घरात आलं नाही की कोणी काही दिलं नाही. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही तर चांगले पैसे मोजले होते.

तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी फोनवर सरळ विचारते, कोणत्या गावात, कोणाच्या घरी, गाइड कुठल्या गावचा, पोर्टरला दिवसाचे किती आणि ते त्याच्या हातात कोण देतं. उत्तर द्यायला कां कूं केलं की फोन ठेवून द्यायचा.

डोंगरझरा

@चिमणपाखरू, वाचून वाईट वाटलं. आम्ही राहिलो तिथे गावाची समिती होती, स्वयंपाकाची पाळी घरांत फिरते, म्हणजे आज या घरातल्या वहिनी तर उद्या त्या. पैसे कुठे जातात हे दाज्यूने विचारल्याबरोबर सांगितलं.

दूरदेशी

आम्ही डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, मुलं ९ आणि १३. शुद्ध शाकाहारी, सासूबाईंची एकादशी असते. जेवणाचं कसं? डिसेंबरात जमेल का?

डोंगरझरा

जेवणाचं काही टेन्शन घेऊ नका, उलट आईला ते घरचंच वाटलं. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, त्याची भाकरी, वर घरचं तूप. गहत म्हणजे आपले कुळीथ, अगदी तेच, आईने वासावरून ओळखले, थंडीत त्याची डाळ करतात. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन, त्याची चुडकाणी नावाची दाट आमटी, भाताबरोबर. गडेरीची भाजी, ती आपल्या अळकुड्यांची बहीण. काकडीचा रायता, त्यात मोहरी वाटून घालतात, नाकात झणका जातो. आणि झंगोरा, आपल्या भगरीसारखा, त्याची खीर करतात, उपासालाही चालतो, तर सासूबाईंची सोय झाली. मात्र एकादशी कधी आहे ते आधी सांगून ठेवा, गावात दुकान नाही.

डिसेंबराचं पक्षीवेडी सांगेल.

पक्षीवेडी

सांगते. मी तिकडे तीन वेगवेगळ्या सीझनला गेलेय. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असली की शिखरं अप्रतिम दिसतात पण दिवस लहान, चार वाजताच सावली पडते, वरच्या भागात बर्फही पडतो. मुलांना मजा, सासूबाईंना अवघड. तुमच्या जागी मी वरच्या जंगलात एकच रात्र ठेवली असती आणि बाकी खालच्या गावांत.

मार्च माझा सगळ्यात आवडता. बुरांश फुललेला असतो, अख्खा उतार लाल. हवा थोडी धुरकट, शिखरं रोज दिसतीलच असं नाही. पण सकाळी हिमालयन बार्बेटचा आवाज दरीभर घुमतो आणि यलो थ्रोटेड मार्टेन नावाचा सोनेरी गळ्याचा मुंगसासारखा प्राणी मला दोनदा भर दिवसा दिसला.

मे-जूनला जाऊ नका असं मी कळकळीने सांगते. पिरूल वाळतो आणि वणवे लागतात. जून २०२४ मध्ये याच बिनसरमध्ये वणवा विझवायला गेलेले वनखात्याचे कर्मचारी होरपळून गेले. ते जंगल ज्यांनी राखलं त्यांचा जीव गेला तिथे आपण उन्हाळी सुट्टीची पिकनिक म्हणून जायचं, माझ्याच्याने होत नाही. जंगलात काडी, सिगरेट, काहीही पेटवायचं नाही, कुठल्याही महिन्यात.

जुलै-ऑगस्ट पाऊस, जळवा, दरडी. आणि ऑक्टोबर सुरक्षित म्हणून गाफील राहू नका, २०२१ च्या १८-१९ ऑक्टोबरला कुमाऊंमध्ये भयंकर पाऊस झाला होता, मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४० मिमी. रस्ते तुटले, लोक अडकले. परतीच्या गाडीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा.

निवांत_साठी

पक्षीवेडी, मग आम्ही मार्च धरतो. मिस्टर म्हणतात चितईच्या गोलू देवतेलाही जायचंय, घंटांचं देऊळ.

दिल्लीकर_मराठी

@निवांत_साठी, जरूर जा, अल्मोड्यापासून जवळच आहे. लोक तिथे स्टँप पेपरवर अर्ज लिहून टांगतात, न्याय मागतात देवाकडे. घाईत बघू नका, दोन-चार अर्ज उभं राहून वाचा. कोणाची जमीन, कोणाची नोकरी, कोणाचा हरवलेला भाऊ.

आणि वाटेत पंत आडनावाचं कोणी भेटलं तर गप्पा मारा. त्यांच्यातली बरीच घराणी आपले पूर्वज कोकणातून आल्याचं परंपरेने सांगतात. मी मराठी म्हटल्यावर मला एका आजोबांनी दोनदा चहा पाजला.

डोंगरझरा

मंडळी, एक विनंती. मार्चमध्ये कोणी जाणार असेल तर आईचा आणि त्या आमांचा, पाट्यावर दोघी बसलेल्या, असा एक फोटो आहे. प्रिंट काढून ठेवलाय. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही आणि पोस्टाने पाठवला तर पोचेल का, खात्री वाटत नाही. कोणी नेईल का? गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चिमणपाखरू

मी नेते. आम्ही यंदा परत जातोय, या वेळी गावातच राहायला.

*(पाच महिन्यांनंतर)*

चिमणपाखरू

धागा वर काढतेय. फोटो पोचला!

आम्ही मार्चच्या मध्यावर होतो तिथे, फूलदेईचा सण होता, चैत्र संक्रांत. सकाळी गावातली मुलं, होती फक्त पाच, टोपलीत बुरांश आणि रानफुलं घेऊन घरोघर उंबऱ्यावर फुलं टाकत, गाणं म्हणत फिरत होती आणि घरातली माणसं त्यांना तांदूळ-गूळ देत होती. एका घराला कुलूप होतं, गंजलेलं, अंगणात गवत कमरेएवढं. मुलं तिथेही गेली. उंबऱ्यावर फुलं ठेवली आणि पुढच्या घरी पळाली. मी दाज्यूला विचारलं, इथे तर कोणी राहत नाही, तर तो म्हणाला हो, पण उंबरा आहे ना.

आमा त्यांच्या अंगणात होत्या. फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, मग पदराने पुसला. आईंकडे बोट दाखवून मला काहीतरी भराभर विचारलं, मला कळेना, सूनबाईंनी सांगितलं की विचारतायत, गुडघा कसा आहे तिचा.

डोंगरझरा, त्यांनी मिठाची पुडी दिलीय तुमच्या आईसाठी, भांगेचं बी घालून वाटलेलं. मी रविवारी कोथरूडला आहे, कुठे भेटायचं ते सांगा.

डोंगरझरा

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते मीच येते घ्यायला. तुम्ही फक्त वेळ सांगा.